पुढच्या वर्षी फुलणारं कोरिऑप्सिस

आमच्या राजारामपुरीतल्या घरात इंग्रजी कागद आला की आई तो माझ्यापुढे धरायची. माझ्या शाळेचं पत्र असो की औषधाच्या बाटलीवरचं लेबल, मी मराठीत सांगायचं. त्या ऑगस्टमध्ये डॉक्टर तिच्या खाटेशी उभे राहून बाबांशी इंग्रजीत बोलले. फार तर सहा महिने, असं ते म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं.

"अशक्तपणा आहे म्हणतात," मी म्हणाले. नंतर बाबांनी बजावलं, तिला हेच सांगत राहायचं; उमेद राहिली तर ती बरी होईल.

दोन आठवड्यांनी पुण्याच्या दुकानातून फुलांच्या बियांची यादी आली. फाटकालगतच्या वाफ्यात आईला कोरिऑप्सिस हवं होतं. पाऊस ओसरला की पेरायचं. उशीला टेकून ती म्हणाली, "वाच, बाई. आणि मधलं गाळू नगंस."

जाती बऱ्याच होत्या, पण प्रकार दोनच. एक बुटकं, पिवळ्या पाकळ्यांवर तपकिरी डाग, अडीच महिन्यांत फुलून मरणारं. दुसरं उंच, पिवळंधमक. ते तीन-चार वर्षं टिकायचं, पण फुलं दुसऱ्या वर्षी.

"तू कुठलं घेशील?"

"बुटकं."

"का गं?"

"लवकर फुलतं ना."

बोलून गेले आणि माझे कान तापले. आई यादीतल्या चित्राकडे बघत राहिली.

"त्या दिवशी डाक्टर काय म्हणाला?"

"सांगितलं की. अशक्तपणा."

"अशक्तपणाला लईच लांब इंग्रजी लागलं की त्येला." ती हसली आणि तिला खोकला लागला. मी पाणी दिलं. माझ्याकडे न बघता ती प्याली.

"उंच लिही," ती म्हणाली. "बुटकं मेलं की वाफा मोकळा. तुझे बाबा परत काय लावायचे न्हाईत. ह्ये आपलं येत ऱ्हाईल."

मी मागणीपत्रावर नाव लिहिलं. शाई वाळायच्या आत बाबा कचेरीतून आले.

"कुठलं मागवलं?"

"फुडच्या वर्षी फुलणारं," आई म्हणाली. "तवर हुईन की बरी."

बाबांचा चेहरा खुलला. "बघ, मी म्हणत नव्हतो?" ते मला म्हणाले. त्या दिवशी ते कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. आईने खाटेवरूनच मला त्यांना आणखी एक भाकरी वाढायला लावली.