कालव्याच्या टेलपर्यंत एक विज्ञानपेटी

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोनच प्रकारचे फोटो येतात: नातवंडांचे आणि विज्ञानपेटीचे. पेटी आम्हीच वर्गणी काढून घेतली होती. टॅबला जोडायचा सूक्ष्मदर्शक, तापमान मोजायचे सेन्सर, छोटा प्रोजेक्टर, असं सगळं एका निळ्या पेटीत. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या कालव्याकाठच्या काही शाळांनी ती दोन-दोन महिने वापरून पुढच्या शाळेला द्यायची, असं ठरलं होतं. दोन दिवाळ्या गेल्या तरी फोटो पहिल्याच शाळेतून येत होते. मग फेब्रुवारीत यादीतल्या शेवटच्या शाळेच्या गायकवाड मॅडमचा मेसेज आला: "पेटी आमच्याकडे येणार आहे, की आम्ही यादीत नुसते शोभेला? आमचा आठवीचा वर्ग सहावीपासून वाट बघतोय. आठवीनंतर मुलं आमच्या शाळेतून जातात." ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी सुहासला, म्हणजे नवऱ्याला, म्हटलं, गाडी काढ.

पुण्याहून निघून, दिवेघाट चढून सासवडला अंजिरं घेतली. जाणाऱ्यांसाठी सूचना: अंजिरं परतीच्या वाटेवर घ्या, नाहीतर जेजुरीच्या आत संपतात. मोरगावला गणपतीचं दर्शन, देवळाबाहेर चहा-भजी. इथवर ज्वारी, शेळ्या आणि उघडं माळरान. आत पणदऱ्याच्या बाजूला वळलं की कालव्याचा मुलूख लागतो आणि दोन्हीकडून ऊस सुरू होतो. तोडणीच्या दिवसांत दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे अडकायची तयारी ठेवा. हॉर्न वाजवून उपयोग नाही, ट्रॅक्टरवर गाणी चालू असतात. आम्ही सगळी ऐकली.

पणदऱ्याच्या पुढे एका गावात ती पहिली शाळा. शाळा चांगली, रंगवलेली, मुख्याध्यापक अगत्याचे. पेटी त्यांच्याच खोलीत होती, इस्त्री केलेल्या कापडाखाली. दसऱ्याला शस्त्रपूजेत ती मांडली होती, त्याचा वाळलेला झेंडूचा हार अजून होता आणि प्रोजेक्टरच्या भिंगाला हळदकुंकू. मला शाल आणि नारळ मिळाला. मग चार मुलं आली. पाहुणे आले की हीच चार येतात, असं कळलं. त्यांनी कांद्याची साल लावली आणि एकाने पाठ केलेलं म्हटलं, "आदरणीय पाहुण्यांना आता कांद्याच्या पेशी दिसत आहेत." दिसत होत्या. बाकीची शाळा खिडकीच्या गजांतून बघत होती. मी बाहेर येऊन एका मुलीला विचारलं, तू कधी हात लावलास का?

"आमी न्हाय," ती म्हणाली. "आमी टाळ्या वाजवतो."

मुख्याध्यापकांना पेटी पुढे पाठवण्याबद्दल विचारलं. "पाठवायचीच आहे हो. पण ताई, तिकडे टेलच्या गावात वीज टिकत नाही. आणि मुलांच्या हातात दिली आणि मोडली तर? इथे कशी, जपलेली आहे." सूक्ष्मदर्शक टॅबच्या बॅटरीवर चालतो, हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलवली आणि पुन्हा चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, हेच अवघड होतं. मी शाल आणि नारळ घेऊन बाहेर आले आणि गाडीत बसल्यावर मला स्वतःचाच राग आला.

मुक्काम बारामतीत. रस्ते रुंद, लॉज स्वच्छ, पिठलं-भाकरीची थाळी पुण्याच्या निम्म्या दरात. सकाळी इंदापूर रस्त्याने निघालो. कालवा कधी डावीकडे, कधी उजवीकडे दिसत राहतो आणि बारीक होत जातो. निमगाव केतकी ओलांडून आत शिरलो तेव्हा त्यात पाणीच नव्हतं, तळाला चिखल आणि बगळे. टेल म्हणजे कालव्याचं शेपूट. पाणी इथवर येईतो त्याचं जे उरेल ते.

गायकवाड मॅडमच्या वर्गाच्या खिडकीत बाटल्यांची रांग होती: विहिरीचं पाणी, बोअरचं पाणी, जनावरांच्या हौदातलं शेवाळ, डाळिंबाची डागाळलेली पानं. सूक्ष्मदर्शक येणार म्हणून मुलांनी सहावीत ठेवल्या होत्या. पाणी आटलं की पुन्हा भरायचं, पानं कुजली की नवी आणायची. पानांची बाटली अश्विनीची. तिच्या घरच्या डाळिंबावर तेल्या रोग आला होता, तो जीवाणूंमुळे होतो असं मॅडमनी सांगितलं होतं. "त्या डागात काय ऱ्हातंय ते बघायचं हाय," ती म्हणाली. परीक्षेला दीड महिना उरला होता. त्यानंतर हा वर्ग इथून जाणार, आणि पेटी झेंडूच्या हाराखाली.

शाळा समितीचे अध्यक्ष तात्या तिथेच बसले होते. धिप्पाड गृहस्थ, आवाज पंपाच्या वर जाईल असा. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

"पाण्याचं आवर्तन टेलपासनं द्यायचं, आसा नियम हाय. पर वरची गावं मधीच दारं उघडत्यात आन पाणी तितंच जिरतंय. मग आमी काय करतो? कालव्याच्या दारावर जाऊन बसतो. भांडायचं न्हाय, बोलायचं न्हाय. निस्तं बसायचं. किती लांब हाय ती शाळा?"

तात्यांना मागच्या सीटवर घेऊन निघालो, वाटेत चिलापीची मासळी थाळी खाल्ली. या भागात आलात तर उजनीची चिलापी चुकवू नका, फक्त काटे सांभाळा. मग उलटे पणदऱ्याकडे. मुख्याध्यापकांनी स्वागत केलं, चहा दिला. तात्यांनी ऊस विचारला, पाऊसपाणी विचारलं आणि गप्प बसले. मुख्याध्यापक बोलत राहिले, मग तेही थांबले. दुसरा चहा झाला. शाळा सुटली. शिपायाने तात्यांचे पाय तेवढे सोडून बाकीची खोली झाडली.

"तात्या, घरी जायचं नाही का?"

"जायचं की. पेटी आली की निघू."

"अहो, पण मोडली तर?"

"मोडली तर मोडली. आमच्या पोरांनी मोडली, आसं सांगा समद्यास्नी. निदान हात तरी लागला म्हणंल कुणी."

सुहास घड्याळाकडे बघत होता. मी शालीच्या घड्या घालत होते. अखेर मुख्याध्यापक उठले. त्यांनी स्वतः हार काढला, भिंगावरचं कुंकू रुमालाने हळूहळू पुसलं आणि पेटी उचलून गाडीत ठेवली. "सेन्सरच्या वायरी ओढू नका म्हणावं," म्हणाले. मुलगी सासरी धाडतानाचा चेहरा होता. मला त्यांची दया आली, पण पेटी परत द्यावीशी वाटली नाही.

आम्ही इंदापुरात राहिलो आणि सकाळी शाळेत पोचलो. मॅडमनी हजेरीच्या उलट्या क्रमाने मुलं बोलावली. शेवटच्या नंबरची मुलं बावरली, त्यांना पहिलं कुणी बोलावलंच नव्हतं कधी. हौदातल्या पाण्यात काहीतरी वळवळलं तेव्हा मागच्या बाकावर चढून बघणारा एक जण खाली पडला. अश्विनीने पान ठेवलं. डाग मोठा झाला, त्याच्या कडा तेलकट, मध्ये बारीक तडे. ती खूप वेळ बघत राहिली.

"हे वरचंच दिसतंय. जीवाणू कुठं हायेत?"

मला सांगावं लागलं की आमच्या सूक्ष्मदर्शकाची तेवढी ताकद नाही. घेताना आम्ही किंमत बघितली होती आणि रंग बघितला होता.

"म्हंजी ह्याच्यापरास मोठा लागंल," ती म्हणाली आणि पुढच्या मुलाला जागा दिली.

घरी येताना अंजिरं घेतली. ग्रुपवर फोटो मागितले, माझ्याकडे एकही नव्हता. पुढच्या पेटीची यादी सुप्याकडच्या कोरडवाहू गावांपासून सुरू करा, कारण त्यांना टेलसुद्धा नाही, असं मी लिहिलं. त्यावर अजून हात जोडल्याचीच चित्रं येतायत. मी रोज तेच पुन्हा लिहिते.

पोस्ट लिहायला जुलै उजाडला. काल गायकवाड मॅडमचा फोन आला. अश्विनी आता नववीला दुसऱ्या, मोठ्या शाळेत जाते. तिथे प्रयोगशाळा आहे, मोठा सूक्ष्मदर्शकही आहे, पण कुलूप दहावीच्या मुलांसाठी आणि तपासणीसाठीच निघतं. पहिल्या आठवड्यात तिने दोनदा विचारलं. आता ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात बसते. कुणाशी भांडत नाही, काही बोलत नाही. तिच्या वर्गातल्या आणखी काही मुली येऊन बसू लागल्यात.

परवा तिथल्या बाईंनी विचारलं, किती दिवस इथं जेवणार आहेस?

ती म्हणाली, "उघडंपर्यंत."