रंगराव नेमका कोणाचा?

देऊळघाटचा रंगराव वांगी-मिरच्या पिकवायचा, आणि सभा कोणत्याही पक्षाची असो, पुढं बसून टाळ्या पिटायचा. बासष्टची निवडणूक तोंडावर आली, तरी हा गडी नेमका कोणाचा ते गावाला उमगेना. खरं तर त्यालाही उमगत नव्हतं. जो बोलेल त्याचं पटायचं.

त्याचा मेहुणा जानराव जानेफळला मास्तर. पाहुणा म्हणून आला आणि त्यानं हा उलगडा करायचा विडाच उचलला.

"भाऊजी, कसेल त्याची जमीन व्हावी का?"

"हाव!"

"मंग तुम्ही कम्युनिस्ट."

"पन माह्या वांग्याचा भाव सरकारनं नाही ठरवाचा. मी ठरवीन."

"मंग स्वतंत्र पक्षवाले!"

"शाळा-दवाखाना मात्र फुकट पाह्यजे."

जानरावानं कपाळाला हात लावला. "आता समाजवादी झाले! बरं, विहीर साऱ्या जातीयले एकच असावी?"

"असावीच!" रंगरावानं छाती फुगवली.

हरभऱ्याचे घाटे सोलता सोलता कौशल्याबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "मंग आपल्या विहिरीवर दयाराम काऊन दूर उभा राह्यते? आपन वरून पानी वततो त्याले."

दयाराम त्यांच्याच मळ्यात राबायचा. रंगरावाचे कान तापले. हे त्याला रोज दिसत होतं, आणि कधीच दिसलं नव्हतं.

सकाळी त्यानं दोर-बादली दयारामाच्या हाती दिली. "घे, तूच काढ."

दयाराम जागचा हलला नाही. "आजच, का उद्याबी?"

"उद्याबी."

दयारामानं बादली सोडली. पाणी वर आलं तशी रंगरावानं ओंजळ पुढं केली. "मले बी वत."

विहिरीत धाकट्या भावाचा, शालिग्रामचाही वाटा होता. "विहीर बाटवली!" असं बांधावरून ओरडून तो तरातरा घरी गेला. पाण्यावाचून त्याच्या मिरचीनं माना टाकेपर्यंत रुसून बसला. मग एक दिवस मुकाट्यानं येऊन त्यानं मोट जुंपली. बैल अडला तेव्हा दयाराम धावला. शालिग्राम 'नको' म्हणाला नाही.

जानरावानं मात्र पिच्छा सोडला नाही. "शेवटी तुम्ही कोनाचे, भाऊजी?"

"अजून पाहूनच राह्यलो, बाप्पा. पन एका गोष्टीवर पाय रोवला, तिथून आता हटत नाही."

मतदान करून नवराबायको रमत-गमत घरी निघाले.

"तू कोनाले देलं वं?" रंगरावानं हळूच विचारलं.

कौशल्याबाई पदर तोंडाला लावून नुसती हसली, आणि पुढं चालू लागली.