फक्कीतलं घर

"परवानगी आल्याशिवाय लाईनआऊट होणार नाही," सर म्हणाले आणि मॉनिटरकडे वळले. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

समोरच्या खुर्चीत इंगळे काका बसले होते. अमडापूरचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. सहा फुटी माणूस. आवाज असा की पुढच्या दारात बोलले तर शेवटच्या सीटवरचा जागा व्हावा. त्या दिवशी मात्र तो आवाज फुटतच नव्हता. सरांना सोडून ते माझ्याकडे वळले. "म्याडम, परवानगीले दोन महिने लागतीन म्हनता. डॉक्टर म्हनते, तिच्यापाशी तेवढे नाईत."

ती म्हणजे सुमनकाकू. कॅन्सर होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी 'आता घरी न्या, त्यांना आवडेल ते करा' असं सांगून पाठवलं होतं. आता काकूंना आवडणारं एकच होतं, स्वतःचं घर. काकांच्या बदल्यांपायी त्यांचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत गेला. मेहकर, जळगाव जामोद, देऊळगाव राजा. जिथं जातील तिथं शिलाई मशीन मांडायची, ब्लाऊज शिवायचे, जरा ओळखी झाल्या की बिऱ्हाड उचलायचं. रिटायर झाल्यावर गावाबाहेर रस्त्याला लागून प्लॉट घेतला आणि नकाशा काढायला दोघं चिखलीला, आमच्या ऑफिसात आले.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सर, मी आणि एक ड्राफ्ट्समन. काकू पहिल्याच दिवशी मला आवडल्या, कारण त्या म्हणाल्या, "आमच्यात वास्तू-बिस्तू काई नाई, पोरी. हवा येऊ दे आन् उजेड येऊ दे." आमच्या धंद्यात असं वाक्य कानावर पडणं म्हणजे सणच. निम्मं आयुष्य संडास कुठल्या कोपऱ्यात नको याच्यात जातं. त्यांच्या मागण्या साध्या होत्या. बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसाठी दारातून दिसेल अशी भिंत. स्वयंपाकघराला रस्त्याकडे खिडकी. आणि मशीन ठेवायला उजेडाची जागा.

पुढं दुखणं निघालं. काकू दवाखान्याच्या खाटेवरून फोन करायच्या. खिडकी जरा सरकव, दार इकडून घे. मी तशी तापट. दुसऱ्या कुणी इतके बदल सांगितले असते तर मी फोन आपटला असता. काकूंचे बदल मात्र मी निमूट करत गेले. त्या बाईला तेवढाच विरंगुळा उरलाय, हे कळत होतं आणि फार वाईट वाटत होतं.

आता लाईनआऊट म्हणजे काय, ते सांगते. कागदावरचा नकाशा खऱ्या मापानं जमिनीवर उतरवायचा. दोरी ताणायची आणि दोरीच्या बाजूनं चुन्याची पांढरी फक्की टाकायची. त्या रेघांवर मग पाया खणतात. सरांचा नियम चुकीचा नव्हता. परवानगीआधी फक्की पडली की लोकांना दम निघत नाही, खणायला सुरुवात करतात. मग नकाशात बदल निघाला की सगळ्यांची भांडणं आमच्या दारात.

"सर, त्यांना खणायचं नाहीये. बघायचंय," मी म्हणाले. आवाज चढला होता, पण चढला तर चढला.

सर मॉनिटरकडे बघतच म्हणाले, "पिलरचे सेंटर काढू नको, म्हणजे कुणी खणणार नाही. बाकी काय रंगवायचं ते रंगव."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुणवंत मिस्त्रीला घेऊन मी प्लॉटवर गेले. एरवी आम्ही बाहेरच्या भिंती आणि पिलरच्या जागा काढतो, की झालं. त्या दिवशी मी सगळं काढायला लावलं. दारं मोकळी सोडली. खिडक्यांना दुहेरी रेघ. ओटा, सिंक, पलंग, मशीनची जागा.

"पलंग बी काढू काय म्याडम?" मिस्त्री वैतागला. "उद्या उशी काढाले सांगसान!"

"काढ म्हटलं ना."

मग कुणासाठी काढतोय ते मी त्याला सांगितलं. त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि उशीसुद्धा काढली.

काकू ऑटोतून आल्या. पुण्याला नोकरी करणारा मुलगा नितीन रजा टाकून आला होता. काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यानं आणि मिस्त्रीनं खुर्ची उचलली आणि जवळचा रस्ता म्हणून सरळ बैठकीच्या रेघेवरून आत पाय टाकला.

"अरे ए! भितीतून काऊन नेता बे? दार नाई काय तिकडं?" काकू ओरडल्या. अंगात जीव नव्हता, पण ओरडल्या.

दोघं गपकन मागं सरले, वळसा घेतला आणि दारातून आत आले. काका चपला बाहेर काढून मागून आले. मोकळ्या रानात, ढेकळांवर, अनवाणी. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

काकूंनी सगळं घर पाहिलं. फोटोंच्या भिंतीसमोर खुर्ची ठेवायला लावली आणि हात जोडले. आतल्या खोलीशी मात्र त्यांचं तोंड उतरलं. "पोरी, लहान नाई होत काय ही? दोन पलंग मावतीन?"

हे प्रत्येक जण म्हणतो. उघड्या जागेवर चारी बाजूला रान असतं, वर आभाळ असतं, त्यापुढं कुठलीही खोली खुराड्यासारखी वाटते. आमचं उत्तरही ठरलेलं असतं. मी ते दिलं. "काकू, फक्कीत लहानच दिसते. भिंती चढल्या की खोली मोठी होते."

"खरं सांगतं ना?"

"अगदी खरं."

काकांनीही ते ऐकलं. त्यांना बरं वाटल्याचं दिसलं.

शेवटी स्वयंपाकघर. काकू खिडकीच्या दुहेरी रेघेसमोर बसल्या. तिथून रस्ता दिसत होता. "इथून तुमी बजारातून येतानी दिसान," त्या काकांना म्हणाल्या. काका नुसते "हाव" म्हणाले.

मी टेप काढला. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्याच्या मापानं घेतात, कोपराच्या खाली वीतभर. नाहीतर पोळ्या लाटून कंबर मोडते. काकूंना उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून मी म्हणाले, "नितीनदादा, जरा काकूंना धरता का? कोपराचं माप घेते."

काकूंनी माझा हात बाजूला केला. "माह्यं नको. याईचं घे."

त्यांनी काकांकडे बोट केलं.

"अवो, असे पायता काय? उभे राहा ना तिथं," त्या काकांना म्हणाल्या. "तुमी उंच. माह्या मापाचा ओटा केला त रोज वाकसान. आदीच कंबर दुखते तुमची."

"सुमे, काई बी काऊन बोलतं?" काका म्हणाले.

"मापातलं मले कळते. उभे राहा."

सहा फुटी माणूस लहान पोरासारखा फक्कीच्या ओट्यासमोर उभा राहिला. कोपर दुमडलं. मी खाली बसून माप घेतलं. टेपवरचा आकडा मला दिसेना, कारण डोळे भरले होते. मिस्त्रीनं वाकून वाचला.

नंतर पंधरवडाही गेला नाही. काकू गेल्या.

काकूंसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी अमडापूरला गेले. बुद्धवंदना झाली. जेवणं उरकल्यावर नितीननं मला बाजूला घेतलं. "म्याडम, पप्पांना मी पुण्याला नेतोय. एकट्या माणसाला घर कशाला? फाईल बंद करा." पोराचं काही चुकत नव्हतं. मी मान हलवली. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, जुना, कंडक्टरचा. "फाईल चालू ठेवा म्याडम. तिनं ओट्याचं माप देल्लं. बांधाच लागते."

परवानगी आली तेव्हा फक्की पावसानं केव्हाच धुऊन नेली होती, त्या जागेवर गवत माजलं होतं. आम्ही परत दोरी ताणली. घर उभं राहिलं. नकाशातला एक इंचही काकांनी बदलू दिला नाही. आतल्या खोलीत दोन पलंग, मशीन खिडकीशी, दारातून दिसतील असे फोटो. पुण्याला ते गेलेच नाहीत.

पहिल्या पावसाळ्यानंतर ओल वगैरे आलीय का ते बघायला मी गेले होते. काकांनी त्या ओट्यावर चहा केला. ओटा त्यांना बरोबर येत होता, वाकावं लागत नव्हतं. कप घेऊन आम्ही आतल्या खोलीत आलो. एका पलंगावर अंथरूण होतं, दुसऱ्यावर नुसती घडी घातलेली सतरंजी. बोललं की आवाज भिंतींना लागून परत येत होता.

"म्याडम," काका म्हणाले, "तुमी तिले सांगतलं होतं ना, भिती चढल्या की खोली मोठी होते म्हनून?"

"हो काका."

"लय मोठी झाली हो."

मी चहा तसाच ठेवला.

ओल कुठंही आली नव्हती. काम चांगलं झालंय, तसा रिपोर्ट सरांना दिला. सरांनी विचारलं, "क्लायंट खूश?" मी म्हटलं, "तक्रार नाही."

लाईनआऊटच्या दिवशी अजूनही प्रत्येक जण रेघांत उभा राहतो आणि खोली लहान वाटते म्हणतो. मी आता फक्त टेप दाखवते आणि सांगते, माप बरोबर आहे.