तळणाचं तेल

आमच्या घरी तळणाचं तेल फेकायचं नाही, असा नियम होता. सणाला वडे तळले, तळ्यातले मासे तळले की कढईत काळपट तेल उरायचं. ते आम्ही बायकांनी संपवायचं. शिळ्या भातावर ओतायचं, तिखट-मीठ टाकून कालवायचं आणि पुरुष जेवून उठले की चुलीपाशी बसून खायचं. लग्न होऊन अड्याळजवळच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच सणाला सासूने मला हे शिकवलं. मला ते आवडायचंही, खोटं कशाला सांगू? पोटात कावळे ओरडत असले की काहीही गोड लागतं.

सासूच्या छातीत दुखायचं. घरात सगळे म्हणायचे, गॅस झाला. तिला ओवा चावायला द्यायचे. ओवा चावता चावताच ती एका दुपारी चुलीपाशी आडवी झाली, ती उठलीच नाही. तिच्या तेरवीच्या वड्यांचं उरलेलं तेलसुद्धा माझ्याच भातावर आलं.

साठी उलटल्यावर माझा नंबर लागला. अंगण झाडतानाही दम लागायचा, जबड्यापर्यंत कळ जायची. नवरा म्हणाला, "गॅस असंन, ओवा खा." ओवा म्हटल्याबरोबर मला सासू दिसली. भंडाऱ्याला न्या, म्हणून मी हटूनच बसले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्यात म्हणून सांगितलं. नवरा म्हणाला, "बाईमाणसाले हार्टचं कसं काय होईन, मॅडम? हे तं बाहेरचं कधी खातच नाही."

"मग घरी काय खाता?" बाईंनी मला विचारलं.

मी सगळं सांगितलं, तेलासकट. बाई म्हणाल्या, कारणं बरीच असतात, पण पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल आणि वर एवढं मीठ, हे आजपासून बंद.

परत येताना एसटीत नवरा चिडून म्हणाला, "घरच्या गोष्टी बाहेर सांगाची काय गरज होती?"

माझं डोकंच फिरलं. माझा जीव टांगणीला लागलाय आणि यांना घरच्या इज्जतीची पडलीय! याचं उट्टं काढायचं, हे मी गाव यायच्या आतच ठरवलं.

दोन-तीन दिवसांनी दारावर मासेवाली आली. मी रोहू घेतला, अगदी थोड्या तेलात शिजवला आणि मधले तुकडे माझ्या ताटात वाढून घेतले. पंख्याखाली, त्यांच्या जागेवर बसून जेवायला लागले. ते दारातच उभे राहिले.

"अन् मले?"

"थांबा. मी जेवून राहिली ना."

त्यांचा पडलेला चेहरा पाहून मला फार बरं वाटलं. तसं वाटू नये म्हणतात, पण वाटलं.

मग त्यांचं ताट पुढे केलं. आदल्या दिवशी त्यांच्याच हट्टाने भजी तळली होती, ते तेल मी मुद्दाम ठेवलं होतं. शिळा भात, ते तेल, तिखट, मीठ. सासू कालवायची तसंच माझ्या हाताने कालवलं होतं. त्यांनी एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि ताट सरकवून ओरडले, "या वयात हे खाऊ घालून मारून टाकतं का मले?"

म्हणजे याने माणूस मरतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मी काटा बाजूला काढला आणि माशाचा आणखी एक तुकडा वाढून घेतला.