बिरादार गुरुजींचं लोखंड

सुट्टीची घंटा व्हायच्या आधी बिरादार गुरुजी मैदानावर जात आणि तिथल्या प्रत्येक लोखंडी दांड्याला तळहात लावून पाहत, तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. हाताला सोसलं तर ठीक. चटका बसला तर व्यायामाच्या त्या यंत्रावर खडूने फुली. मग कुणाचा बाप सरपंच असला तरी त्यावर चढायची बिशाद नव्हती.

मी मुदखेडची. नोकरी लागली ती उदगीरकडच्या एका दोनशिक्षकी शाळेत, एस.टी.सुद्धा नाक मुरडून जाईल अशा गावात. मैदानावर पोत्यांत गुंडाळलेलं, साखळ्यांनी बांधलेलं काहीतरी उभं होतं. गावासाठी ओपन जिम मंजूर झाली होती, आणि कुंपण फक्त शाळेला म्हणून ती आमच्याकडे आली होती. मोडलं तर उत्तर कोण देणार, या भीतीने आधीच्या मुख्याध्यापकांनी ती बांधून ठेवली. माझ्यामागून महिन्याभराने बिरादार गुरुजी मुख्याध्यापक म्हणून रुजू झाले. पहिल्याच दिवशी साखळ्या सोडून, विळा मागवून त्यांनी पोती कापली. आत सगळा तांबूस गंज. "लोखंडाला गंज वापरून न्हाई लागत बाई," ते म्हणाले, "ठेवून लागतो."

पण यंत्रं होती मोठ्या माणसांच्या मापाची. दुसरीतलं पोर हवेत चालायच्या यंत्रावर चढलं की दोरीवरच्या सदऱ्यासारखं लोंबकळायचं. गुरुजींनी आठवडाभर नुसतं पाहिलं. दुष्काळामुळे गावाची विहीर आणखी खोल नेणं चालू होतं, काठावर मुरमाचे ढीग पडले होते. एका रविवारी त्यांनी घमेलं उचललं. मला उदगीरला निरोप आला, रिकाम्या असाल तर या. रिकामी कसली, धुणं पडलं होतं. तरी गेले, दिवसभर चरफडत मुरूम वाहिला. सोमवारी प्रत्येक यंत्राखाली हात-दीड हात उंच, धुमसाने ठोकून घट्ट केलेला ओटा होता आणि वर ओढून बांधलेल्या पायट्यांवर पोरांचे पाय बरोबर टेकत होते.

मग त्या जिमची शाळा झाली. पाय पुढे जाताना आकडे मराठीत, मागे येताना कानडीत: एक, दोन, तीन, ओंदु, एरडु, मूरु. गुरुजी लिंगायत, घरात दोन्ही भाषा. गळ्यातलं लिंग सदऱ्याआड सारून ते पोरांबरोबर मोठ्याने मोजत. नियम एकच: "घाम यायच्या आत उतरायचं." कारण टँकर दोन दिवसांआड येई आणि शाळेच्या वाट्याला दोन घागरी. पोराला तहान लागेल असा व्यायाम आम्हाला परवडणारा नव्हता. बाकी जगात घाम गाळायला शिकवतात, आमच्याकडे तो राखायला.

ओट्यांमुळे मोठ्यांचे गुडघे मात्र दांड्यांना आपटू लागले. सरपंच तणतणत आले. "गुर्जी, गावाची जिम हाय ती. तुमी पोरांची करून ठिवली."

"गाव तर पुण्याला चाललंय, सायेब," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पोरं टिकली तर माघारी यील तरी."

त्यांचा सगळा जीव तेवढ्यासाठी होता. पट घसरत होता. आज एक घर कुलूप लावी, परवा दुसरं. गुरुजी दारोदार जात, "पोरगं आज्जीपाशी ठिवा, मी हाय," म्हणत. काही ठेवतही. जिमच्या ओढीने पोरंच हट्ट करीत. गुरुजींची बायको वारलेली, मुलगा पुण्यात. स्वतः शाळेमागच्या खोलीत राहत. मी साडेपाचच्या जीपने उदगीरला परत जाई. जीप वळणाआड होईपर्यंत ते फाटकात उभे असत. त्यांना पाहून मला वाईट वाटे आणि मी मान वळवून घेई.

आता कबूल करते. शाळा लवकर बंद पडावी असं मला वाटत होतं. पट संपला की माझी बदली सोपी होणार होती. त्यात उदगीर नवा जिल्हा होणार अशी हूल उठली. झाला तर बदलीचे नियम पुन्हा पहिल्यापासून, या धास्तीने मी हवालदिल झाले. गुरुजी हसले होते. "जिल्हा नवा, तहान जुनीच. त्याचं काय घिऊन बसल्या?"

शेवटी राहिली एकटी संगी, तिसरीतली. दोन महिने ती एकटी हवेत चालत होती आणि गुरुजी शेजारी उभे राहून मोजत होते. एका सकाळी तिचा बाप मोटरसायकलवर आला. गुरुजींनी नेहमीसारखं दारात उभं राहून "मी हाय" म्हटलं नाही. त्यांनी तिला वीस पूर्ण करू दिले, दाखला लिहिला, ओला हात तिच्या तोंडावरून फिरवला आणि पाठवलं. मग वर्गात येऊन म्हणाले, "बाई, तुमचा बदलीचा अर्ज काढा."

मी अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता, हे त्यांना कसं कळलं होतं देव जाणे. मी पुटपुटले, "सर, तुम्ही एकटे…"

"रिकाम्या शाळेत दोन माणसं कशाला?" त्यांनी सही केली. सही नेहमीसारखीच ठसठशीत होती. मला मेलीला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज अजून जात नाही.

गुरुजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. निवृत्तीनंतर पुण्यात मुलाकडे ते फार टिकले नाहीत. आमचं शेवटचं बोलणं झालं ते मी मुदखेडला आल्यानंतरच्या जूनमध्ये, शाळा उघडली त्या दिवशी. शाळा बंद करायची ऑर्डर अजून निघाली नव्हती, त्यांच्या नोकरीचे थोडे महिने उरले होते. मी माझ्या नव्या शाळेच्या मैदानातूनच फोन लावला.

"आत्ताच प्रार्थना झाली, बाई," ते म्हणाले.

"कोणी आलं का, सर?"

"मी हाय की."

माझ्यामागे शे-दीडशे पोरांचा गलका चालला होता. तो त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी घाईघाईने फोनवर हात धरला. 

"हात काढा, बाई," गुरुजी म्हणाले. "ऐकू यिऊ द्या जरा."