आधी माझा गाल

बाईंनी माझी हनुवटी दोन बोटांत धरून वर केली. बाजारात गुराचं तोंड बघतात तशी. गालावर मलमाचं बोट ओढलं आणि म्हणाल्या, "उद्यापर्यंत धुवायचं नाही. जळजळ झाली तर लगेच सांग."

मला विचारलं कुणी नाही.

मी अठरा वर्षांची. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झालेली. आम्ही कोलशेतचे, मिठागरातली माणसं. आईचे पाय खाऱ्या पाण्याने चिरलेले. पोरीचे तरी तसे होऊ नयेत म्हणून तिने मला ठाण्याला या घरी ठेवलेली. राहून धुणीभांडी करायची. घरात बाई, त्यांचे हापिसात जाणारे मालक आणि लग्नाची मुलगी. ती माझ्याहून वर्षाने लहान, तरी मी ताई म्हणायचं.

ताईंना बघायला पाहुणे यायचे होते. म्हणून मुंबईहून गोरं करायचं मलम आणलेलं. त्या सकाळी मायलेकी मासिक उघडून बसलेल्या. उठल्या उठल्या तोंडावर पातळ कागद दाबायचा. तेल उमटलं तर तेलकट त्वचा, नाही उमटलं तर कोरडी. बाईंची कोरडी निघाली. ताईंची नाकाला तेलकट, गालाला कोरडी, आणि वर नाजूक. मी केर काढत बघत होते. खोटं कशाला बोलू, मलाही हौस आली. माझंही लग्न ठरलेलं. म्हटलं, "बाई, मलाबी एक कागद द्या ना."

दोघी हसल्या. ताई तर पोट धरून.

"तुझ्यावर कागद कशाला वाया घालवायचा?" बाई म्हणाल्या. "तुम्हा लोकांची म्हशीची कातडी. तिला ऊन लागत नाही की मीठ."

पुढे ताईंनी मोठ्याने वाचलं, नवं मलम आधी थोड्याशा जागेवर लावून एक दिवस थांबावं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. थोडीशी जागा म्हणजे मी.

जळजळ झाली नाही. तरी बाईंनी खात्रीसाठी रोज लावलं. किती दिवस ते मोजलं नाही, पण एके सकाळी गालावर रुपयाएवढा डाग. पांढराफटक. बाई बघून म्हणाल्या, "बरं झालं गं बाई, आपण ताईला लावलं नाही!" डबी केरात टाकली. मी रडायला लागले तर म्हणतात, "रडतेस काय? उजळलीस की!"

घरी गेले. आईने कपाळावर हात मारून घेतला. "बाय, तोंडाला काय जाला तुझ्या?" सासरच्या बायका आल्या. डाग बघितला, चहाला हात लावला नाही. "कोड आलेली पोर आमच्या गळ्यात मारताय?" मी मलमाचं सांगितलं. कोण ऐकतंय! लग्न मोडलं.

आणि मी परत त्याच घरी कामाला गेले. पोट होतं ना. बाईंचा राग येतो, पण त्या परत जाण्याचा जास्त येतो. अजून येतो.

महिन्याभराने दुसरी डबी आली. मी भांडी घासत होते. बाईंनी हनुवटीला हात घातला, तोंड दुसरीकडे वळवलं. "हा गाल चांगला आहे अजून."

मी राखेच्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"बाई, माझी कातडी म्हशीची ना? मग माझ्यावर लावून तुम्हाला ताईंचं काय कळतं?"

बाईंनी मनगट हिसकावून घेतलं. मग ओरडल्या, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस? चालती हो!"

कातडीचं विचारलं तर त्या खाल्ल्या अन्नावर आल्या. तिथेच मला लख्ख कळलं. बाईंना पहिल्यापासून ठाऊक होतं. कातडी एकच आहे, माझी आणि ताईंची. ठाऊक होतं म्हणून तर माझ्यावर लावून बघितलं! खऱ्या म्हशीला कुणी लावून बघतं का? अडाणी असत्या तर मी माफही केलं असतं. त्या अडाणी नव्हत्या.

भांडी तशीच टाकून निघाले. आईने शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मिठागरात उतरले. पाय चिरले, फार चिरले. परत त्या घरी गेले नाही.

डाग तसाच आहे. मी पदर ओढून झाकत नाही. कुणी विचारलं, "कोड का?" तर कुठल्या घरात, कुणी, कुणाच्या लेकीसाठी पाडला ते नावानिशी सांगते. लोक म्हणतात, म्हातारी झाली आता ती बाई, जाऊ दे. का जाऊ दे? ती मेली तरी सांगणार आहे. तिच्या तेराव्यालासुद्धा.