बाटलीतली काळी भुकटी

त्याचं नाव विचारायचं राहिलं, आणि इतक्या अडेल माणसाचं नाव ठाऊक असायला हवं होतं. अकोल्याला तो कलकत्त्याच्या गाडीत माझ्यासमोर येऊन बसला. मांडीवर पाण्याची बाटली, तिच्या तळाशी काळी भुकटी. काचेबाहेरून तो लोहचुंबक फिरवी आणि भुकटी त्याच्यामागं धावे.

"लोखंड हाय," तो म्हणाला. "कनाकनावर म्या लेप देल्ला, तो गंजू देत नाही. रेडिओच्या कॉइलीत कामी पडते. पेटंटचा अर्ज केला, तं कलकत्त्याचा परीक्षक लिहिते का लेप टिकत नाही, दमट हवेतच भुकटी गंजते."

"मग?"

"मंग पान्यात बुडवूनच नेऊन राहिलो त्याच्या टेबलावर. तिथं लाली दिसली, तं अर्ज म्याच फाडतो."

बडनेऱ्याला उतरायचं म्हणून मी शिदोरी संपवत होतो. त्यानं मीठ मागितलं. मी चिमूटभर दिलं, तर बूच काढून त्यानं ते बाटलीत टाकलं.

"अहो, मिठानं लोखंड लवकर गंजतं."

"म्हनूनच टाकलं," बाटली हलवत तो म्हणाला. "नाही तं म्हनतीन, वऱ्हाडातलं पानीच चांगलं होतं."